घरी केलेल्या गाण्यांच्या सीडीवर नाव छापताना

आईच्या गाण्याच्या जुन्या कॅसेट मी संगणकावर उतरवून घेते आणि त्यांच्या सीडी करून भावंडांना, तिच्याकडे शिकलेल्यांना देते. आवाज स्वच्छ करायचं काम खूपजण मन लावून करतात आणि शेवटी सीडीवर हाताला लागेल त्या पेनाने नाव खरडतात, नाहीतर एखादं स्टिकर चिकटवतात. एवढ्या कष्टाने जपलेल्या आवाजाला धोका नेमका तिथेच होतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सीडीची जाडी १.२ मिलिमीटर. त्यातलं जवळजवळ सगळं नुसतं पारदर्शक प्लास्टिक असतं. लेसर खालून येतो, ते प्लास्टिक ओलांडतो आणि गाणं वाचतो ते अगदी वरच्या पृष्ठभागालगत. तिथे रंगद्रव्याचा थर असतो, त्यावर चांदीचा चकचकीत थर आणि त्याच्यावर लॅकरचा, म्हणजे वार्निशसारख्या लेपाचा, काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पापुद्रा. बस, एवढंच संरक्षण. खालच्या बाजूचा ओरखडा पॉलिश करून बऱ्याचदा घालवता येतो, पण वरून चांदी खरवडली गेली तर तिथलं गाणं गेलं ते गेलंच. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून माहितीचा थर मध्ये ठेवतात, त्यामुळे ती वरून जरा निर्धास्त असते. सीडीचं तसं नाही. म्हणून लेबल कसं दिसेल हे नंतर; आधी या पापुद्र्याचं काय होईल ते बघायचं.

हाताने लिहायचं असेल तर बॉलपेन नको, टोकदार पेन्सिल तर नकोच. सीडीसाठी म्हणून मिळणारा मऊ टोकाचा, पाण्याच्या किंवा अल्कोहोलच्या शाईचा मार्कर घ्या. उग्र वासाचे, झायलीनसारखं द्रावक असलेले मार्कर लॅकरमध्ये झिरपू शकतात. लिहिताना दाब न देता लिहा. सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे मधल्या भोकाभोवतीचं पारदर्शक कडं, कारण तिथे गाणं नसतंच. क्रमांक आणि तारीख तिथे सहज मावते.

स्टिकरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लावू नका. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये पूर्ण वेगात सीडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेऊ शकते. स्टिकर केसभर जरी एका बाजूला सरकलेलं असलं तरी तोल जातो, चकती थरथरते आणि वाचन अडखळतं. गाडीतल्या, फटीतून सीडी आत ओढणाऱ्या प्लेअरमध्ये ती जादा जाडी अडकते. त्यात उन्हाने गोंद मऊ झाला की कड उचलली जाते. आणि काही वर्षांनी कागद आक्रसतो, गोंद बदलतो, तो ताण थेट त्या पातळ पापुद्र्यावर येतो. तरीही लावायचंच असेल तर अख्ख्या चकतीच्या मापाचं गोल स्टिकरच घ्या, अर्धवट पट्टी कधीच नको, आणि ते मध्यावर बसवणारा दांड्याचा ठोकळा वापरा. वाकडं बसलं तर तसंच राहू द्या. ओढून काढायला गेलात तर लॅकर आणि चांदी सोबत निघून येईल. जुन्या स्टिकरवाल्या सीडी घरात असतील तर आजच त्यांची प्रत करून ठेवा.

मी वापरते ती पद्धत म्हणजे प्रिंटेबल सीडी आणि इंकजेट प्रिंटर. या सीडीच्या वरच्या बाजूला शाई शोषून घेणारा पांढरा लेप असतो, म्हणजे पापुद्र्यावर आणखी एक आवरण आयतंच मिळतं. पाकिटावर ‘इंकजेट प्रिंटेबल’ असं लिहिलेलं बघून घ्या. ‘थर्मल प्रिंटेबल’ वेगळ्या, त्यांना रिबनचा प्रिंटर लागतो. प्रिंटरही सीडीसाठी ट्रे असलेलाच हवा. एप्सन आणि कॅननच्या काही मॉडेलांना तो असतो. साध्या प्रिंटरच्या कागदाच्या वाटेने सीडी सरकवायचा प्रयत्न करू नका. आणि लेसर प्रिंटरचं तर नावच काढू नका, त्यातल्या तापलेल्या रोलरने चकती वाकडी होईल.

आता मापं. सीडीचा व्यास १२० मिलिमीटर, मधलं भोक १५ मिलिमीटरचं. पांढरा लेप सगळीकडे नसतो: काही सीडींवर तो मध्यापासून ४६ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर सुरू होतो, तर काहींवर पार २२-२३ मिलिमीटरपर्यंत आत येतो. बाहेरची कड साधारण ११६ ते ११८. पट्टीने मोजा आणि तेच आकडे प्रिंटरच्या सेटिंगमध्ये आतला-बाहेरचा व्यास म्हणून भरा. नाहीतर लेप नसलेल्या जागी शाई पडते, ती वाळतच नाही आणि बोटाला लागून सगळीकडे पसरते. बर्न करताना, म्हणजे सीडीवर गाणी उतरवताना, फुकट गेलेली एक प्रिंटेबल सीडी नमुन्यासाठी राखून ठेवा. तिच्यावर आधी फक्त दोन बारीक वर्तुळं छापून बघा. एका बाजूला सरकलेली दिसली तर जागा दुरुस्त करायची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, आणि अर्धा मिलिमीटरसुद्धा डोळ्याला खुपतो.

चित्र चौकोनी घ्या. ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) १२० मिलिमीटर म्हणजे १४१७ पिक्सेल. मी १५०० चं करते, म्हणजे कडेला पांढरी रेघ राहत नाही. चेहऱ्याचा फोटो बरोबर मध्ये ठेवलात तर भोकात जाईल, तेव्हा तो एका बाजूला घ्या. अक्षरांसाठी उत्तम जागा मध्यापासून ३० मिलिमीटर वर किंवा खाली. तिथे ओळीला जवळपास १०० मिलिमीटर रुंदी मिळते. ४० वर गेलात तर ती ८४ वर येते. भोकाच्या बाजूला, लेप ४६ पासून सुरू होत असेल तर, दोन्हीकडे जेमतेम ३५ उरतात.

अक्षरं कडेने गोलाकार फिरवायचा मोह होतो. देवनागरीसाठी तो आवरा. बरीच सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षर सुटं वळवतात, शिरोरेषा तुटते, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात आणि जोडाक्षरं कधीकधी फुटतात. सरळ ओळच सुंदर दिसते. ८-९ पॉइंटांपेक्षा लहान अक्षर घेऊ नका, शाई पसरून अनुस्वार आणि मात्रा एक होतात. दुसऱ्याच्या संगणकावरून छापणार असाल तर फाइल फॉन्टसकट पीडीएफ करून न्या.

गडद रंगाची भरगच्च पार्श्वभूमी टाळा. खूप शाई साचली की लेप चिकट राहतो. पांढऱ्यावर अक्षरं आणि एक छोटं चित्र पुरेसं होतं. छापून झालं की सीडी सपाट, उघडी, धूळ नसलेल्या जागी एक दिवस ठेवा. एकीवर एक रचू नका. साध्या मॅट लेपावर ओलं बोट लागलं तर शाई फिसकटते. पाण्याला दाद न देणाऱ्या ग्लॉसी प्रिंटेबल सीडी वेगळ्या मिळतात, देण्याघेण्यासाठी त्या बऱ्या.

क्रम मात्र पक्का ठेवा: आधी बर्न, मग तपासणी, मग पूर्ण ऐकणं, आणि शेवटी छपाई. बर्न फसलं तर शाई वाया जात नाही, आणि ओली चकती ड्राइव्हमध्ये घालायची वेळ येत नाही. बर्न करतानाच सीडी-टेक्स्टमध्ये, म्हणजे सीडीवरच नावं साठवायच्या सोयीत, गाण्यांची नावं भरा, काही प्लेअर ती पडद्यावर दाखवतात.

लाइटस्क्राइबबद्दल अजून विचारणा होते. २००४ साली एचपीने आणलेली ही पद्धत: सीडी उलटी घालायची आणि त्याच लेसरने वरच्या खास लेपावर एकरंगी चित्र कोरायचं. शाई नाही, कागद नाही, मला ती फार आवडायची. पण उजेडात चित्र फिकं पडत जातं, आणि एचपीने ती केव्हाच बंद केली. जुना ड्राइव्ह आणि शिल्लक सीडी असतील तरच तिच्या नादी लागा.

चकतीवर गायकाचं नाव, मूळ ध्वनिमुद्रणाची तारीख, कोणत्या कॅसेटची कोणती बाजू आणि सीडीचा क्रमांक एवढंच छापा. गाण्यांची यादी डबीतल्या कागदावर जाऊ दे: पुढचा कागद १२० बाय १२०, मागचा १५१ बाय ११८ मिलिमीटर, त्यात दोन्ही कडांना साडेसहा मिलिमीटरची घडी. कपाटात डब्या उभ्या लावल्या की या घडीवरचंच नाव दिसतं, तेव्हा ते विसरू नका.

आणि जी प्रत फक्त जपायला ठेवायची आहे तिच्यावर काहीही छापू नका. पारदर्शक कड्यावर मार्करने क्रमांक, बाकी सगळा तपशील डबीतल्या कागदावर.