श्रावणात रंग, बाल्कनीत गवत: घर सजवताना या चुका टाळा

गोव्यात फोंड्याला आमचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. आधी काउंटरवर बाबा बसायचे, गेली सतरा वर्षं मी बसते. गिऱ्हाईक आत येतं, मोबाईल पुढे करतं आणि म्हणतं, "ताई, हे बघा काय झालं!" खरं तर बघायची गरज नसते. महिना कोणता चालू आहे त्यावरून फोटोत काय असणार ते कळतं. जुलैत बाल्कनीत तुंबलेलं पाणी, ऑगस्टमध्ये कपाटामागची बुरशी आणि दिवाळीला फुगलेला रंग. तीच ती उत्तरं देऊन कंटाळले, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

चतुर्थीच्या तोंडावर रंग देणं

मुंबई-पुण्याची मंडळी चतुर्थीला घरी येणार, म्हणून घर नवं दिसायला हवं. इथवर सगळं ठीक. पण चतुर्थी भाद्रपदात, म्हणजे रंगारी येणार श्रावणात. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भिंत वर्षभरात सर्वांत जास्त पाणी प्यालेली असते, नेमका तोच मुहूर्त आपण धरतो.

शहाणपणा शिकवतेय असं वाटेल, पण ही चूक मी स्वतः केलेली आहे. दुकानात नवीन होते तेव्हाची गोष्ट. प्रियोळच्या आमच्या जुन्या घरात चतुर्थीला यंदा सगळं चकाचक करायचं असं मी ठरवलं. घर चिऱ्यांचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, आतून चुन्याचा गिलावा. दुकानातला सर्वांत महाग इमल्शन मी स्वतःच्या घरासाठी काढला. बाबा एवढंच म्हणाले, "बाय, मार्गशीर्षापर्यंत थांब." मी थांबले नाही. रंगारी म्हणाला आठ दिवसांत पुट्टीसकट करून देतो, आणि दिलंही त्याने. गणपती आले तेव्हा भिंती अशा गुळगुळीत होत्या की काकू हात फिरवून बघत होत्या.

नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाणीघराशेजारच्या भिंतीवर मला पहिली पुरी दिसली. पुरीच म्हणते, कारण ती तशीच टम्म फुगलेली होती. खिळ्याने टोचली तर आतून पाण्याची धार आली आणि मागोमाग पांढरं, खारट पीठ. डिसेंबरपर्यंत जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांपर्यंतचा सगळा रंग पापडासारखा सुटून आला. बाबा काहीच बोलले नाहीत, आणि ते जास्त लागलं.

झालं काय होतं? चिरा हा सच्छिद्र दगड. घराच्या पायातलं पाणी तो दिव्याच्या वातीसारखं वर ओढतो. जुना चुन्याचा गिलावा ते पाणी हळूहळू बाहेर सोडत असतो, उन्हाळ्यात भिंत सुकते, पुन्हा पावसात ओली होते. हे शंभर वर्षं बिनबोभाट चाललेलं असतं. त्यावर आपण प्लास्टिकसारखा पापुद्रा देणारा रंग चढवला की पाण्याला बाहेर पडायची वाट राहत नाही. पाण्याबरोबर आलेले क्षार पापुद्र्यामागे साचतात आणि त्याला ढकलून काढतात. रंग महाग असेल तर पापुद्रा आणखी चिवट, म्हणून फुगेही मोठे. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा करणारे तर वेगळेच महाभाग. त्यांची ओल तीन फुटांवरून पाच फुटांवर सरकते आणि ते मला म्हणतात, वॉटरप्रूफिंगचं काहीतरी द्या.

मी मग काय केलं? खरवडून सगळं काढलं, चुन्याचा गिलावा उघडा केला आणि तो उन्हाळाभर तसाच ठेवला. पाहुणे विचारायचे, काम अर्धवट का सोडलंय? एप्रिलमध्ये चुना दिला, तीन हात, अगदी दुधासारखा पातळ, प्रत्येक हाताआधी भिंतीवर पाणी मारून. चिमूटभर नीळ घातली. त्या भिंतीवर आजही चुनाच आहे, दर दोन वर्षांनी एक हात देते. मात्र हे लक्षात घ्या की चुना इमल्शनवर बसत नाही. आधीचा रंग पूर्ण काढायचा कंटाळा असेल तर चुन्याच्या नादी लागू नका.

भिंत सुकली की नाही हे हात लावून कळत नाही, रंगारी कितीही म्हणू दे. मी दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवते आणि दुसऱ्या दिवशी बघते. आतल्या बाजूला दव धरलं असेल तर भिंत ओली आहे, रंगाचा डबा उघडायचा नाही. दुकानात हे सांगितलं की अर्धे लोक हसतात. उरलेल्या अर्ध्यांपैकी काहीजण घरी जाऊन करून बघतात. पुढच्या वर्षी फोटो घेऊन येत नाहीत ते हेच.

आणि चतुर्थीला काहीतरी करायलाच हवं असेल तर गणपतीच्या खोलीची एकच भिंत घ्या, तीही आतली, बाहेरचा पाऊस न खाणारी. ती रंगवा, बाकीचं दिवाळीनंतर. त्या दिवसांत आलेला माणूस मान वर करून माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट, बघतो, पडवीची भिंत नाही.

रंगाचं कार्ड ट्यूबलाइटखाली बघून शेड ठरवणं

दोन इंचांच्या चौकोनावरून दोनशे चौरस फुटांची भिंत ठरवतात. बाहेरच्या भिंतीवर उन्हात कोणताही रंग कार्डापेक्षा उजळ आणि भडक दिसतो. कार्डावर थोडासा मळकट, दबलेला वाटतो तोच बाहेर शोभतो. लहान डबा घ्या, दोन फूट बाय दोन फुटांचा पट्टा मारा, सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर बघा. एवढा धीर नसेल तर पांढरा घ्या आणि मोकळे व्हा.

घरातल्या घरात उलटं होतं. हल्ली पणजीतल्या फोंतायन्यश या जुन्या वस्तीत फिरून आलेला प्रत्येकजण मला "तो पिवळा" मागतो. तिथे तो पिवळा अरुंद गल्लीत आहे, वर मोकळं आभाळ आहे आणि खिडक्या-दारांभोवती पांढऱ्या पट्ट्या आहेत, ज्या त्याला आवरून धरतात. तोच पिवळा तुम्ही दहा बाय बाराच्या हॉलच्या चारही भिंतींना दिलात की एका भिंतीचा उजेड दुसरीवर पडतो आणि रंग दुप्पट चढतो. एका मास्तरांनी ऐकलं नाही. महिन्याभराने येऊन म्हणाले, "घरात बसलं की रोज हळद लागल्यासारखं वाटतं." पांढरं छत, तीन भिंती फिक्या आणि हौसेचा रंग एका भिंतीला, तीही खिडकीसमोरची नव्हे, खिडकीच्या बाजूची. खिडकीबाहेर आंबा-फणस असेल तर फिक्या राखाडी रंगाचा नाद सोडा. झाडाचा हिरवा उजेड आत येतो आणि भिंत आजाऱ्यासारखी दिसते.

टिकण्याचं विचाराल तर पिवळ्या मातीचा, कावेचा, विटकरी, हे लोहाच्या ऑक्साइडचे रंग उन्हाला दाद देत नाहीत. झगझगीत लाल, गुलाबी, लिंबोणी यांचं तेज बाहेरच्या भिंतीवर फार दिवस राहत नाही. आपल्या जुन्या देवळांवरच्या कावी चित्रांत पांढरा चुना आणि तांबडी काव एवढे दोनच रंग असतात. त्यामागे सौंदर्यदृष्टी होती हे खरंच, पण काय टिकतं याचा हिशोबही होता.

आणि भिंत जमिनीपर्यंत पांढरी ठेवू नका हो! पागोळ्या अंगणात पडतात, तांबडी माती उडते आणि पहिल्याच पावसात दोन फुटांपर्यंत डाग. आजीच्या काळी खाली गडद तांबडा पट्टा असायचा तो उगाच नव्हे.

चिऱ्याला वार्निश

"चिरा उघडाच ठेवायचाय, पण चमकायला हवा." हे वाक्य पर्वरीच्या बाजूला नवे बंगले बांधणारे येऊन बोलतात. दोन पावसाळ्यांत वार्निश पांढरट पडतं, मग त्याची सालं निघतात, आणि सालांखाली शेवाळ. चिरा जसा आहे तसा राहू द्या. शेवाळ धरलं तर नारळाच्या काथ्याचा ब्रश आणि पाणी, पावसाळा संपल्यावर एकदा. धातूच्या ब्रशने घासू नका, दगड पिठासारखा झडतो.

बाल्कनीत आधी सजावट, मग पाणी

आता माझ्या भाचीची गोष्ट. तिची परवानगी घेतलेली आहे.

मडगावला एक बेडरूमचा फ्लॅट, आठ बाय चारची बाल्कनी. मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ बघून तिने मे महिन्यात सगळं एका शनिवार-रविवारात उरकलं. खाली हिरवं प्लास्टिकचं गवत, कडेकडेने गोंद लावून पक्कं चिकटवलेलं. त्यावर लाकडी फळ्यांच्या चौकटी. एक झोपाळा. मातीच्या बारा कुंड्या, प्रत्येकीखाली बशी. भिंतीवर दिव्यांची माळ. फोटो सुंदर आला, मीही लाइक केला होता.

जुलैत एका रात्री धो धो कोसळला. पहाटे ती पाणी प्यायला उठली तर हॉलमध्ये घोट्याएवढं पाणी. बाल्कनीत पाणी जायचं भोक गवताखाली झाकलेलं, त्यावर कुंड्यांतली माती आणि पानं अडकलेली, म्हणून पाण्याने सरकत्या दाराची पट्टी ओलांडली. सोफ्याचे प्लायवुडचे पाय फुगले. खालच्या मजल्यावरच्या आजींच्या छताला ओल आली ती वेगळीच, आणि आजी बोलायला तशा तिखट.

मी त्या रविवारी गेले. गवताचं एक टोक धरून ओढलं तर खाली काळा, बुळबुळीत थर आणि त्यात दोन गांडुळं. वास असा की भाची नाकाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. "मावशी, हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं." विकणारा कशाला सांगेल? मी विकते, म्हणून सांगते.

बाल्कनीत काहीही आणण्याआधी एक बादली पाणी ओता आणि स्टूल घेऊन बसा. पाणी भोकाकडे जातं का, किती वेळात जातं, कुठल्या कोपऱ्यात डबकं राहतं ते बघा. डबकं राहत असेल तर आधी गवंडी, मग कुंड्या. भोकाभोवती वीतभर जागा कायम उघडी. कुंड्या लोखंडी नव्हे, सिमेंटच्या किंवा प्लास्टिकच्या पायांवर, खालून झाडू फिरेल इतक्या उंच. बशा पावसाळ्यात काढून ठेवा. डेंगीच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि बशीतलं पाणी त्याला आवडतं. गवत हवंच असेल तर चिकटवू नका, सुट्टं ठेवा, जूनमध्ये गुंडाळून माळ्यावर टाका.

बारा कुंड्यांच्या बाबतीत मी जरा कडक आहे. चार बस. तुळस, अबोली, कढीपत्ता आणि चौथं तुमच्या हौसेचं. क्रोटन सावलीच्या बाल्कनीत लावला तर हिरवा पडतो, मग माझ्याकडे खत मागायला येऊ नका, त्याला ऊन हवं असतं.

बाकीच्या, पटापट

बाल्कनी काचेने बंद करून हॉल मोठा करणारे. हॉल चार फुटांनी वाढतो आणि वारा संपतो. मग कपाटात चामड्याच्या चपलांवर हिरवी लव. बंद करायचीच असेल तर समोरासमोर दोन तावदानं तरी उघडणारी ठेवा.

कपाट भिंतीला घट्ट चिकटवू नका. तीन इंच सोडा. जागा वाया जाते म्हणणाऱ्याला मी मागची बुरशी दाखवते.

सोफा दुकानात मोजतात, जिन्याचं वळण मोजत नाहीत. आमच्या इमारतीत एक सोफा अजून पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये उभा आहे, त्याचा मालक भाडेकरू होता, तो घर सोडून गेला.

समुद्राजवळ राहता आणि रंग न लावलेलं लोखंडी टेबल बाहेर ठेवता? ठेवा. गंजाचे डाग लादीवरून सहजासहजी निघत नाहीत एवढं सांगते.

बलकांवाला, म्हणजे दारापुढच्या ओट्याला, गुळगुळीत, चकचकीत लाद्या घालणं म्हणजे पावसात पाहुण्याला रुग्णालयात पाठवणं. खडबडीत लादी घ्या, किंवा जुना तांबडा कोबा असेल तर तो फोडू नका, हात जोडते. त्याच्या बाजूचे सोपे, म्हणजे बसायची बांधीव बाकं, फोडून तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवणाऱ्यांबद्दल मी लिहायला लागले तर हा लेख संपणार नाही.

पांढरे झगमगीत दिवे अंगणात लावू नका. पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळवीचा थवा थेट ताटात येतो. पिवळट दिवा, आणि तो दारावर नको, जरा दूर.

आणि लहान घरात सगळ्यांत विसरली जाणारी गोष्ट म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. बाल्कनीचा आराखडा काढताना कोणी ती काढत नाही, कारण ती फोटोत वाईट दिसते. पण पाऊस चार महिने आहे आणि कपडे रोजचे. छताला वर-खाली होणारा स्टँड आधी बसवा, उरलेल्या जागेत काय सजवायचं ते सजवा. भाचीने अजून बसवलेला नाही. परवा गेले तेव्हा झोपाळ्यावर दोन टॉवेल, मुलाचा शाळेचा गणवेश आणि एका टोकाला मोजे लटकत होते. बसायला तिने मला स्वयंपाकघरातलं स्टूल दिलं.