‘तुम्हीच बघा’ म्हणणारा मालक आणि बाकीचे: बेळगावात हिशेबाच्या कामाला लागणाऱ्यांसाठी

गोगटे कॉमर्स किंवा आरपीडीतून बी.कॉम. झालेल्या आणि टॅलीचा क्लास केलेल्या मुलामुलींना एंट्री जमते. रिटर्न भरणंही दोन-तीन महिन्यांत हातात बसतं. गाडी अडते ती ज्याचा हिशेब लिहायचा त्या मालकापाशी. सकाळी उद्यमबागेतली फौंड्री, दुपारी रविवार पेठेतलं दुकान, महिन्यातून एकदा निपाणी, आणि प्रत्येक ठिकाणी खुर्चीत बसलेल्या माणसाची कामाची तऱ्हा निराळी. ती ओळखायला शिकवणारा पेपर बी.कॉम.ला नाही.

स्वभावाचे चार रंग नाहीतर चार प्राणी सांगणारे व्हिडिओ बघून जायचं असेल तर घरीच बसा. गल्ल्यावर बसलेला माणूस गिऱ्हाइकाशी एक, बँकेच्या मॅनेजरशी दुसरा आणि तुमच्याशी तिसराच असतो. त्याच्या बोलण्यावरून काहीही ठरवू नका. बिलं कुठं ठेवतो, चेकवर सही कधी करतो आणि आकडा विचारला की कोणाकडे बघतो, एवढं पहिल्या दोन भेटींत टिपा. खिशातून चुरगाळलेली बिलं काढणारा आणि फाइल पुढं ढकलणारा, दोघंही तितकंच गोड बोलतील. पण त्यांच्याकडे काम करण्याची रीत एक असू शकत नाही.

फौंड्रीचा मालक बहुतेक वेळा स्वतः कधीतरी पॅटर्न (साचा करायचा नमुना) किंवा टर्निंगच्या कामात हात काळे केलेला असतो. त्याला किलोची भाषा कळते. ‘या महिन्यात ग्रॉस प्रॉफिट घसरला’ म्हणालात तर मान हलवेल आणि विसरून जाईल. ‘रिजेक्शन किती किलो, त्यावर गिऱ्हाइकाची डेबिट नोट (पैसे कापल्याचा कागद) आली का?’ असं विचारा, हातातलं काम टाकून बोलेल. ओतकाम चालू असताना मात्र जवळ जाऊ नका. तापलेला धातू थांबत नाही, आणि त्या वेळी घेतलेल्या सहीला अर्थ नाही. स्टॉक लिहिताना पिग आयर्न, स्क्रॅप आणि तयार कास्टिंगसोबत रनर-रायझरचं (ओतताना कास्टिंगला जोडून राहणारा, नंतर तोडून काढलेला धातू) वजनही घ्या, कारण ते पुन्हा भट्टीत जातं. गिऱ्हाइकानं दिलेले पॅटर्न मालकाचे नाहीत, ते स्टॉकात धरू नका.

हा मालक कागदाचा कंटाळा करतो, आणि तो कंटाळा जॉबवर्कमध्ये, म्हणजे आपल्या मालावरचं काम बाहेरून करून घेण्यात, महाग पडतो. मशिनिंगला बाहेर पाठवलेला माल एका वर्षात परत आला पाहिजे, भांडवली वस्तू तीन वर्षांत. नाही आला तर पाठवल्या दिवशीच विक्री झाली असं धरून कर लागतो. अशा मालाची माहिती देणारा आयटीसी-०४ हा फॉर्म पाच कोटींवरच्या उलाढालीला सहामाही, बाकीच्यांना वर्षातून एकदा, २५ एप्रिलपर्यंत. माल शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला, म्हणजे महाराष्ट्रात, जॉबवर्कला चालला असेल तर ई-वे बिल (माल नेतानाचा ऑनलाइन काढायचा कागद) रकमेकडे न बघता लागतं. पन्नास हजारांची सूट तिथं नाही. मालक म्हणेल, ‘वीस हजारांचा तर माल, कशाला पाहिजे?’ तेव्हा वाद घालू नका, गाडी सुटायच्या आधी बिल काढून ड्रायव्हरच्या हातात द्या.

रविवार पेठेतला घाऊक व्यापारी याच्या उलट. हिशेब तोंडात. कोणाकडून किती येणं, कोणाला किती देणं, विचारल्या क्षणी सांगेल, आणि तुमचा टॅलीतला आकडा वेगळा निघाला तर बहुधा तोच बरोबर असतो. त्याला अहवाल नको, पार्टीवार उधारीची एक पानी यादी हवी, मोठी रक्कम वर. रोखीच्या मर्यादा त्याला नियम म्हणून सांगू नका, रुपयांत सांगा. एका दिवसात एकाच माणसाला दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च आयकरात धरला जात नाही (मालवाहतुकीला पस्तीस हजार), आणि एकाच माणसाकडून दिवसात दोन लाख किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. ‘एवढा दंड’ हे शब्द पेठेत लगेच पोचतात. त्याच्या चेकबुकाकडेही बघा. खरेदीचं बिल १८० दिवसांत चुकतं केलं नाही तर त्यावर घेतलेलं क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) व्याजासह परत करावं लागतं, पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या कारखानदाराचं देणं करार नसेल तर १५ दिवसांत आणि लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं. थकवणारा मालक हा स्वभावाचा प्रश्न वाटतो. तुमच्यासाठी तो तारखांचा प्रश्न आहे, तसाच हाताळा.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो मालक. नवा पोरगा सगळ्यात आधी याच्यावर खूश होतो. हा कधी चिडत नाही, चहा मागवतो, ‘तुमीच बघा की ओ, आमाला काय कळतंय त्यातलं’ म्हणतो, पासवर्ड देतो, डिजिटल सही देतो, ओटीपी फोनवर सांगतो. ऑफिसातले सीनियरही म्हणतात, चांगलं गिऱ्हाईक आहे, कटकट नाही. त्या सीनियरांचं ऐकू नका. जो मालक प्रश्न विचारत नाही त्याचे सगळे निर्णय तुम्ही घेत असता, आणि ते तुम्हाला नोटीस येईपर्यंत कळत नाही. नोटीस आली की त्याच गोड आवाजात, ‘तुमीच केलाय न्हवं?’ त्यात तो खोटं बोलत नसतो. खरंच तुम्हीच केलेलं असतं.

हे नेमकं कुठं फुटतं? स्टॉकमध्ये. समजा त्याची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे स्टॉक आणि येण्यांच्या तारणावर बँकेतून उचलायची मर्यादा, ४० लाख आहे. बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट जातं. स्टॉक ४८ लाख, त्यातून देणी १२ लाख वजा, उरले ३६ लाख. त्यावर २५ टक्के मार्जिन (बँक तारणात धरत नाही तो हिस्सा) सोडलं की २७ लाख. नव्वद दिवसांच्या आतली येणी ३० लाख, त्यावर ४० टक्के मार्जिन सोडून १८ लाख. मिळून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे तारणावर उचलता येईल तो आकडा, ४५ लाख, म्हणजे मर्यादा शाबूत. मार्जिनचे टक्के बँकेच्या मंजुरीपत्रात बघा, ते बदलतात. तुम्ही विचारता, ‘या महिन्यात स्टॉक किती घालू?’ उत्तर येतं, ‘मागच्यासारखंच घालून सोडा.’ तुम्ही ४८ च्या आसपास घालत राहता. मार्च संपतो, ताळेबंदाची वेळ येते, नफा जास्त दिसतोय म्हणून तोच मालक म्हणतो, ‘स्टॉक जरा कमी धरा की.’ ताळेबंदात ३६ लाख जातात.

एकाच दिवसाच्या, एकाच गोदामाच्या दोन आकड्यांत १२ लाखांचा फरक, आणि दोन्ही कागद तुमच्या लॅपटॉपवरून गेलेले. बँकेनं ३६ लाख धरले तर देणी जाऊन २४, मार्जिन जाऊन १८, येण्यांचे १८, एकूण ३६ लाख. ४० लाख उचललेले असतील तर खातं चार लाखांनी जास्त उचललेलं ठरतं. आयकराकडे ४८ चा कागद पोचला तर वरच्या १२ लाखांचा माल कुठल्या पैशातून आला हा प्रश्न. मालकाला यात लबाडी केल्यासारखं वाटलेलं नसतं. त्याच्या डोक्यात बँक हा एक काउंटर आणि आयकर हा दुसरा, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तो संबंध सांगायचं काम तुमचं होतं.

घाबरू नका, हे सांभाळता येतं, आणि भांडण न करता येतं. अशा मालकाला उघडा प्रश्न कधीच विचारायचा नाही. ‘कसं करायचं?’ म्हटलं की ‘तुमीच बघा’ आलंच. आकडा तयार करून न्यायचा आणि त्याला फक्त हो-नाही उरू द्यायचं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी फोरमन किंवा गोदामाच्या माणसाकडून वजन आणि नग लिहून घ्या, खरेदीच्या भावानं किंमत काढा, एका पानावर मालकाची सही घ्या, फोटो काढून ठेवा. तोच आकडा बँकेला, तोच वहीत. मार्चमध्ये ‘कमी धरा’ आलं तर ते पान समोर ठेवायचं. पुढं बोलायची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

जीएसटीआर-३बीचंही, म्हणजे कर भरायच्या रिटर्नचंही, तसंच. १४ तारखेला २बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून मिळणाऱ्या क्रेडिटची पोर्टलवरची यादी, येतं. पंधरा-सोळाला जुळवणी करा, सतराला व्हॉट्सअ‍ॅपवर असा निरोप पाठवा: ‘ऑगस्टची विक्री ३२,४०,०००. कर ५,८३,२००. २बीप्रमाणे क्रेडिट ४,६१,०००. भरायचे १,२२,२००. दोन बिलं २बीत नाहीत, त्यांचा कर धरलेला नाही. “ठीक” लिहा, चलन काढतो.’ उत्तर आल्याशिवाय वीस तारखेला फाइल करायचं नाही. अठराला एक फोन, एकोणीसला दुकानात जाऊन उभं राहायचं. तिमाही योजनेतल्या गिऱ्हाइकाला कर्नाटकात २२ तारीख असते, पण निरोपाची रीत तीच. पहिले दोन महिने तो नुसता अंगठा पाठवेल. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ‘ती दोन बिलं कुणाची?’ असा प्रश्न येऊ लागतो. तो आला की काम निम्मं झालं.

आणि ते पासवर्डचं. नोंदणी करताना त्याच्या कटकटीला कंटाळून स्वतःचा मोबाइल नंबर आणि ईमेल घालणारे खूप आहेत. सोय वाटते, पण पुढं ओटीपीही तुमचा आणि नोटीसही तुम्हालाच. नंबर मालकाचाच घाला, त्याच्याकडे साधा डबा फोन असला तरी.

सीमेवरचा एक मालक नकाशापेक्षा घर मोठं मानणारा असतो. एक युनिट उद्यमबागेत, दुसरं चंदगड तालुक्यात शिनोळीला. वेंगुर्ला रोडनं चहा पिईपर्यंत पोचाल इतकं जवळ, घरचाच माल, घरचीच गाडी. पण एकाचा जीएसटी नंबर २९ नं सुरू होतो आणि दुसऱ्याचा २७ नं. पॅन एकच असलं तरी कायद्याच्या दृष्टीनं ती दोन वेगळी माणसं आहेत, माल इकडून तिकडं नेला तर कराचं बिल आणि त्यावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी). या मालकाला ते पटत नाही, कारण पैसे तर याच खिशातून त्याच खिशात. त्याला कायदा समजावत बसू नका. इकडं भरलेलं तिकडं क्रेडिट म्हणून मिळतं, बिल नसेल तर दोन्हीकडून जातं, हे कागदावर दोन रकान्यांत मांडून दाखवा. महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात ई-वे बिलाची मर्यादा एक लाख आहे आणि कर्नाटकात पन्नास हजार, यावरूनही घोळ होतो. हद्द ओलांडणाऱ्या मालाला पन्नास हजारच, वर सांगितलेला जॉबवर्कचा माल सोडून.

बाप-लेकाच्या फर्ममध्ये मुलाला मोबाइलवर आलेख हवा असतो आणि चेकबुक बापाकडे असतं. दोघांना वेगवेगळं सांगितलंत तर संध्याकाळी जेवताना ते दोघं तुमचाच हिशेब करतील. एकच निरोप, दोघांनाही, एकाच वेळी. मुलाची बाजू घेऊन बापाला ‘जुनं’ ठरवायचा मोह नव्यांना फार होतो. सही कोणाची आहे ते बघा आणि गप्प बसा.

निपाणीकडचा तंबाखूचा व्यापारी हंगामात फोन उचलणार नाही, त्याला गर्व म्हणू नका. शेतकऱ्याकडून पानं घेतली की रिव्हर्स चार्जनं कर त्यानं स्वतः भरायचा, तोही रोख, क्रेडिटमधून नाही, आणि बिलही स्वतःच बनवायचं. ‘शेतकरी कुठलं बिल देतोय?’ हे बरोबरच आहे, म्हणून बिलबुक हंगामाआधी छापून त्याच्या मुनिमाकडे द्या, मालकाकडे नको. वडगाव-खासबागेतला मागवाला बऱ्याचदा स्वतःच मागावर उभा असतो. त्याच्याकडे दुपारी जाऊन बसलात तर तेवढं कापड कमी निघतं.

गिऱ्हाईक सोडायची वेळ येतेच, कधी त्याच्याकडून, कधी तुमच्याकडून. त्या दिवशी डिजिटल सही, पासवर्डची यादी, टॅलीचा बॅकअप आणि सह्या केलेली स्टॉकची पानं एका पाकिटात घालून, पोच लिहून घेऊन द्या. स्टॉकच्या पानांची झेरॉक्स मात्र स्वतःकडे ठेवा.