धारावीतला काळा किल्ला कसा पाहावा

बेस्टच्या बसवर ‘काळा किल्ला आगार’ ही पाटी रोज असंख्य प्रवासी वाचतात, पण त्या नावाचा किल्ला खरोखरच आगाराच्या मागच्या वस्तीत, घरांच्या भिंतींना टेकून उभा आहे, हे त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक असते. जुन्या कागदपत्रांत आणि नकाशांत रिवा किल्ला म्हणून ओळखली जाणारी ही इंग्रजी काळातली गढीवजा वास्तू पाहायला ना तिकीट लागते ना परवाना. मात्र इथे दिशादर्शक फलक नाही, माहिती सांगणारा कोणी नाही आणि वसई किंवा कोर्लईसारखे मोकळे आवारही नाही. त्यामुळे पूर्वतयारी करून न गेल्यास काळवंडलेल्या दगडी भिंतीचा एक तुकडा पाहून निराश होऊन परतावे लागते. तसे होऊ नये म्हणून हे टिपण आहे.

तयारीतला सर्वांत महत्त्वाचा भाग इतिहासाचा आहे, कारण हा किल्ला आकाराने इतका लहान आहे की तो इथेच का बांधला हे कळल्याशिवाय पाहण्याला अर्थ उरत नाही. मुंबई बेट १६६१ च्या विवाहकरारानुसार पोर्तुगालकडून इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळाले आणि १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. पण माहीमच्या खाडीच्या पलीकडचे साष्टी बेट पोर्तुगीजांकडेच राहिले. म्हणजे आज ज्या मिठी नदीच्या पुलावरून आपण न थांबता वांद्र्याला जातो, ती त्या वेळी दोन सत्तांमधली सरहद्द होती. या सरहद्दीवर पूर्वेला शीवची टेकडी, पश्चिमेला माहीम आणि दोहोंच्या मध्ये काळा किल्ला अशी पहाऱ्याची ठाणी उभी राहिली. किल्ला मुंबईचा इंग्रज गव्हर्नर जेराल्ड आंजियर याच्या कारकिर्दीत, म्हणजे १६६९ ते १६७७ या काळात बांधला गेला असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. पण किल्ल्याच्या भिंतीत बसवलेला इंग्रजी शिलालेख गव्हर्नर जॉन हॉर्न याचे नाव आणि १७३७ हे साल सांगतो. माझ्या मते पाहणाऱ्याने दगडावरचे साल धरून चालावे, कारण त्या वर्षी खाडीपलीकडे काय घडत होते ते पाहिले की बांधकामाचे कारण आपोआप उलगडते. मार्च १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी साष्टीची मोहीम उघडली आणि ठाणे घेतले, तर मे १७३९ मध्ये वसई पडली. कमजोर झालेल्या पोर्तुगीज शेजाऱ्याच्या जागी मराठे थेट खाडीच्या काठावर येणार, ही इंग्रजांची धास्ती या भिंतीत दगडाच्या रूपाने उभी आहे. पुढे डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे जिंकले, १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली, सरहद्द दूर सरकली आणि या ठाण्यांचे काम संपले. काळ्या किल्ल्याची उपेक्षा झोपड्यांपासून सुरू झाली असे सरसकट म्हटले जाते, पण लष्करी दृष्ट्या तो वस्ती दाट होण्याच्या कितीतरी आधीच निरुपयोगी झाला होता, हे लक्षात ठेवावे.

जाण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली रविवारची सकाळ सर्वांत चांगली. आठवड्याच्या इतर दिवशी शीव-वांद्रे जोडरस्त्यावर वाहतूक तुंबलेली असते आणि गल्ल्यांमधून मालाच्या हातगाड्यांची ये-जा चालू असते, तिथे थांबून भिंत न्याहाळणे म्हणजे कष्टकऱ्यांची वाट अडवणे होय. पावसाळ्यात जाऊच नये. हा सगळा भाग मिठीच्या काठचा आणि सखल आहे, पाणी साचते, आणि ओल्या शेवाळलेल्या दगडांवर पाय घसरतो.

मध्य रेल्वेने येणाऱ्यांना शीव स्थानक जवळचे असून तिथून आगारापर्यंत चालत जाता येते. मात्र स्थानकालगतचा ब्रिटिशकालीन रस्ता-पूल नव्याने बांधण्यासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये बंद करण्यात आला, त्यामुळे पूर्वेकडून पश्चिमेला कसे जायचे याची त्या दिवशीची स्थिती आधी विचारून घ्यावी. पश्चिम रेल्वेने माहीमला उतरून बस किंवा टॅक्सी घेता येते. भुयारी मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेवर मे २०२५ पासून धारावी स्थानकही सुरू झाले आहे. रस्त्यावरच्या खुणा दोन आहेत: एका बाजूला काळा किल्ला आगार आणि दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र निसर्ग उद्यान.

आगारापासून पुढे नकाशा फारसा कामाचा नाही, माणसांना विचारावे लागते. नुसते ‘काळा किल्ला कुठे?’ असे विचारल्यास बहुधा बसच्या आगाराकडेच बोट दाखवले जाते, कारण तेच नाव रोजच्या वापरात आहे. त्याऐवजी ‘काका, ती जुनी दगडी भिंत, इंग्रजांच्या वेळची, तिकडे कुठून जायचं?’ असे विचारावे. वस्तीत मराठीइतकीच हिंदी आणि तमिळ बोलली जाते, त्यामुळे प्रश्न सोपा आणि छोटा ठेवावा. तटाचा बराचसा भाग लोकांच्या घरांच्या आणि कामाच्या जागांच्या मागे आहे, म्हणून जिथे भिंत पाहण्यासाठी कोणाच्या दारातून किंवा पडवीतून जावे लागेल, तिथे ‘मावशी, इथून भिंत पाहिली तर चालेल का?’ असे विचारून, होकार मिळाला तरच पाऊल टाकावे. नकार मिळाला तर दुसरी गल्ली धरावी. दोघे-तिघे असतील तर हे जमते, वीस-पंचवीस जणांचा गट घेऊन इथे येणे मला अजिबात योग्य वाटत नाही. कॅमेरा भिंतीवर रोखलेला असावा, न्हाणीच्या दारावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर किंवा मुलांवर नव्हे.

आत जाण्याविषयी स्पष्ट सांगायला हवे. सरळ दारातून आत शिरता येईल अशी अपेक्षा ठेवू नये. शिडी लावून किंवा मोडक्या भागावरून चढून आत उतरणे शक्य असले तरी ते करू नये. आत झाडोरा माजलेला असतो, पायाखाली काय आहे ते दिसत नाही, आणि सुट्या झालेल्या दगडावर पडणारे प्रत्येक पाऊल तो आणखी सैल करते. किल्ल्याचे जे वाचण्यासारखे आहे, त्यातले बहुतेक बाहेरूनच दिसते.

बाहेरून काय पाहावे? प्रथम शिलालेख शोधावा आणि ऊन तिरपे असताना वाचावा, कारण डोक्यावरच्या उन्हात झिजलेली अक्षरे सपाट दिसतात. त्यावर खडू किंवा पाणी लावून अक्षरे उठवण्याचा मोह टाळावा. नंतर भिंतीच्या दगडांकडे वळावे. हा आपल्या सह्याद्रीचाच काळा बेसाल्ट आहे आणि सांधे चुन्याचे आहेत. चुना मऊ असतो, भिंतीत मुरलेला ओलावा तो सांध्यांतून बाहेर जाऊ देतो, आणि पायाची थोडीफार हालचालही सोसतो. जिथे अलीकडे कोणी सिमेंट भरले आहे तिथे ओलावा अडकतो, मग तो दगडातून वाट काढतो आणि दगडाचा पृष्ठभाग सुटू लागतो. असा सिमेंटचा पट्टा आणि त्याच्या शेजारचा दगड एकत्र पाहिले की जुन्या भिंतीची डागडुजी चुन्यानेच का करतात हे कोणालाही कळेल.

पिंपळ आणि वड हा दुसरा धडा. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी सांध्यात पडते, मूळ चुन्यात शिरते, जाड होत जाते आणि दगड दगडापासून दूर ढकलते. पण म्हणून दिसेल ते रोप उपटू नये. वाढलेले मूळ ओढल्यास त्याच्याबरोबर सांधाही निघतो, आणि नुसता शेंडा छाटल्यास झाड अधिक जोमाने फुटते. मूळ मारून, मग पोकळी चुन्याने भरणे हे जाणत्या हातांचे काम आहे. गडसंवर्धनाच्या उत्साहात येणाऱ्या तरुण मित्रांना हे कळकळीने सांगावेसे वाटते.

तिसरी गोष्ट भिंतीत नाही, भिंतीभोवती आहे. उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे. आज मध्ये इमारती, जोडरस्ता आणि निसर्ग उद्यान आहे. हे उद्यान पूर्वी कचरा टाकण्याची जागा होती, १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले, आणि त्याच्या पलीकडे तिवरांमधून मिठी वाहते. भराव पडण्याआधी खाडीचे पाणी आणि खाजण किल्ल्याच्या कितीतरी जवळ होते, आणि पहारेकऱ्याची नजर पलीकडच्या साष्टीच्या काठापर्यंत पोहोचत होती. शक्य असल्यास निसर्ग उद्यानातही जाऊन यावे. वेळ आणि प्रवेशशुल्क आधी विचारून ठेवावे. पाण्याची बाटली आणि जाड तळव्याचे बंद बूट बरोबर असावेत.

वेळ असेल तर काळा किल्ला एकटा पाहू नये, तिन्ही ठाणी एकाच दिवशी पाहावीत. सुरुवात शीवपासून करावी, कारण तो किल्ला टेकडीवर आहे आणि आधी उंचावरून प्रदेश पाहिला की पुढचे सगळे सोपे होते. पायथ्याशी पंडित जवाहरलाल नेहरू उद्यान आहे, तिथून चढण थोडीशीच. मग काळा किल्ला, आणि शेवटी माहीम. माहीमच्या तटाला लागलेल्या झोपड्या महापालिकेने अलीकडच्या वर्षांत हटवून तिथल्या कुटुंबांचे पुनर्वसन केले, त्यामुळे हा किल्ला आता पूर्वीपेक्षा मोकळा दिसतो. तो समुद्राला लागूनच आहे, म्हणून भरती-ओहोटीची वेळ पाहून ओहोटीला किनाऱ्यावरून त्याच्याकडे पाहावे. १६८९ च्या जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाच्या स्वारीत माहीम इंग्रजांच्या हातून गेले होते. समोर उपसागरापलीकडे वांद्र्याचा १६४० चा पोर्तुगीज किल्ला आहे. दोन्ही एका नजरेत आले की सरहद्द कुठून जात होती ते सांगावे लागत नाही.

घरी परतल्यावर एक काम जरूर करावे. काढलेली छायाचित्रे तारखेसह आणि भिंतीची बाजू नोंदवून जपून ठेवावीत. शिलालेखाचा, प्रत्येक मोठ्या भेगेचा आणि झाड रुजलेल्या प्रत्येक जागेचा वेगळा फोटो असावा, आणि मापाचा अंदाज यावा म्हणून फोटोत एखादी पट्टी असावी. दगड ढासळलेला किंवा नवे बांधकाम तटाला भिडलेले दिसल्यास ही छायाचित्रे जोडून राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला लेखी कळवावे. त्याचे मुख्यालय मुंबईतच, सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उरलेल्या भागात आहे. पत्रात वस्तीतल्या लोकांवर आरोप करू नये, तर भिंतीची अवस्था, जागा आणि तारीख एवढेच लिहावे. धारावीच्या पुनर्विकासात या परिसराची रचना बदलणार आहे. त्या वेळी किल्ल्याभोवती किती जागा मोकळी ठेवायची हे ठरवताना अशा तारीखवार नोंदींचा उपयोग होईल, म्हणून पत्राची पोच मागून घ्यावी आणि पुढच्या वर्षी त्याच जागांवरून पुन्हा फोटो काढावेत.