गाडीवर मोठं स्टिकर घरी लावताय? बुडबुडे सोडा, कडा सांभाळा: या चुका टाळा

गाडीवर मोठं स्टिकर स्वतः लावायचं ठरवलं की सगळ्यांना धास्ती असते ती बुडबुड्यांची. खरं तर या कामात बुडबुड्याइतका सोपा बिघाड दुसरा नाही. सुईने टोचला, दाबला, संपला. स्टिकर वाया जातं ते कडेपासून. कड एकदा उचलली की खाली धूळ शिरते, पावसाचं पाणी शिरतं, गोंदावर मातीचा थर बसतो आणि मग ती कितीही दाबा, पुन्हा बसत नाही. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यातल्या बहुतेक शेवटी कडेलाच येऊन निघतात. त्यातल्या काही तर स्टिकर घरी येण्याआधीच झालेल्या असतात.

दुकानात काय मागायचं हे माहीत नसणं

रेडियमच्या दुकानात जाऊन नुसतं "बॉनेटला मोठं स्टिकर करून द्या" म्हटलं, तर मशीनवर जो रोल चढलेला असेल त्यावरच प्रिंट निघते. आधी विचारा, व्हिनाइल, म्हणजे स्टिकरची प्लास्टिक फिल्म, कास्ट आहे की कॅलेंडर्ड. कॅलेंडर्ड व्हिनाइल गरम प्लास्टिक रोलरमधून दाबून पातळ केलेलं असतं आणि तो ताण त्याच्या अंगात राहतो. गाडी उन्हात तापत राहिली की ते हळूहळू आक्रसतं. काही गाड्यांवर स्टिकरच्या चारी बाजूंनी काळपट चिकट रेघ दिसते, ती याचीच. स्टिकर आत सरकलं, गोंद उघडा पडला आणि त्यावर धूळ बसली.

कास्ट व्हिनाइल द्रवरूपात पसरून वाळवतात, त्यामुळे त्यात ताण जवळपास नसतो. ते पातळही असतं, साधारण ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कॅलेंडर्ड त्याच्या दीडपट-दुप्पट जाड निघतं. दरवाजाच्या सपाट भागावर चांगल्या प्रतीचं, म्हणजे कमी आक्रसणारं पॉलिमेरिक कॅलेंडर्ड चालून जातं. बॉनेटवरच्या घड्या, बंपर, चाकावरचा फुगवटा इथे मात्र कास्टच लागतं. ते महाग पडतं हे खरं. बजेट कमी असेल तर स्टिकरचा आकार कमी करा, पण हलका माल घेऊ नका.

प्रिंट केलेलं स्टिकर असेल तर त्यावर लॅमिनेशन, म्हणजे पारदर्शक फिल्मचा थर, हवंच. नाहीतर ऊन रंग खातं आणि रोजचं फडकं शाई खरवडतं. इथे घाईही नको. सॉल्व्हंट (उडून जाणाऱ्या द्रावकाच्या) शाईची प्रिंट निघाल्यावर लॅमिनेशनआधी किमान २४ तास सैल, मोकळी सुकू द्यावी लागते. शाईतलं सॉल्व्हंट आत अडकलं तर व्हिनाइल मऊ पडतं, लावताना ताणतं आणि काही दिवसांत कडा वळायला लागतात. दुकानदार "तासाभरात देतो" म्हणाला तर "उद्या द्या, पण सुकवून द्या" असं सांगा.

आणखी एक सांगून ठेवा: कोपरे गोल कापा. काटकोनातला टोकदार कोपरा फडक्यात अडकतो आणि सगळ्यात आधी तोच उचलतो. थोडीशी गोलाई दिली तरी फरक पडतो.

डिझाइन गाडीवर ठेवून न पाहणं

दोन्ही बाजूंना धावता घोडा लावायचा असेल आणि दोन्हीकडे एकच प्रिंट काढली, तर एका बाजूचा घोडा मागे पळताना दिसतो. एका बाजूचं चित्र उलटं करून घ्यावं लागतं आणि त्यातली अक्षरं मात्र सुलटी ठेवावी लागतात. पेट्रोलचं झाकण एकाच बाजूला असतं, तेही मोजताना विसरतं.

मागचा कागद न काढता स्टिकर मास्किंग टेपने गाडीवर लावा आणि दहा-बारा पावलं मागे जाऊन बघा. जमिनीला समांतर लावलेली ओळ गाडीवर बहुधा तिरकी दिसते, कारण काचांची खालची रेषा मागे चढत जाते. दरवाजावरच्या घडीची रेघ धरून लावा, डोळ्याला तीच सरळ वाटते.

धुतलेली गाडी स्वच्छ समजणं

वॉशिंग सेंटरवरून चकचकीत होऊन आलेली गाडी स्टिकर लावायला सगळ्यात वाईट. त्या चकाकीत वॅक्स असतं, पॉलिश असतं, टायरवर मारलेल्या सिलिकॉन स्प्रेचे तुषार दरवाजाच्या खालच्या भागावर बसलेले असतात. गोंद त्या थराला चिकटतो, रंगाला नाही. सिरॅमिक कोटिंग केलं असेल तर काम आणखी अवघड. ते कोटिंग बनवलेलंच असतं काही चिकटू नये म्हणून.

आधी साध्या शाम्पूने धुवा, पूर्ण सुकवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तेच, केमिकलच्या दुकानातही मिळतं. एका हातात भिजलेलं कापड, दुसऱ्या हातात कोरडं. ओल्याने पुसलं की ते आपोआप उडायच्या आत कोरड्याने टिपून घ्यायचं. उडू दिलं तर विरघळलेला तेलकटपणा तिथेच पुन्हा बसतो. जेल सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीनसारखे पदार्थ असतात आणि ते मागे राहतात. पेट्रोलही मागे तेलकट थर सोडतं. थिनर तर डेंटिंग-पेंटिंग केलेल्या पॅनलचा रंगच सोडवू शकतो.

शेवटी बोटं फिरवून बघा. दरवाजाची आतली कड, बॉनेटची पुढची कड, हँडलमागचा खोबणीचा भाग या जागी बोटाला काळं लागतं. कड वळून बसणार ती नेमकी इथे आणि पुसायचं राहतं तेही इथेच. मधला भाग एकदा पुसला असेल तर या कडा तीनदा पुसा.

पॅनल नुकतंच रंगवलेलं असेल तर किमान महिनाभर थांबा. ताज्या रंगातून वाफा निघत असतात आणि त्या स्टिकरखाली बुडबुडे होऊन जमतात. असे बुडबुडे टोचले तरी परत येतात. खडबडीत काळ्या प्लास्टिकच्या भागावर मोठं स्टिकर लावायच्या फंदात पडू नका, तिथे गोंद धरतच नाही.

वेळ चुकणं

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बॉनेटला हात लागत नाही. अशा पत्र्यावर गोंद टेकताक्षणी धरतो, सरकवायला वावच देत नाही, आणि मऊ पडलेलं व्हिनाइल हाताने ताणलं जातं. सकाळी ऊन चढायच्या आत काम संपवा. डिसेंबरच्या पहाटे नाशिककडे उलटी अडचण: व्हिनाइल कडक, गोंद सुस्त. पत्रा २० ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असला की काम नीट होतं. हाताला पत्रा ना गार ना गरम लागला पाहिजे.

पावसाळ्यात गाडी वरून कोरडी दिसते, पण काचेच्या रबरात, हँडलमागे, बाजूच्या पट्टीखाली पाणी दबा धरून असतं. अर्ध्या तासाने ते ओघळतं आणि थेट नव्या कडेखाली जातं. हेअर ड्रायरने या सगळ्या फटी सुकवून घ्या. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हे काम टाळलेलंच बरं. जागा बंद पार्किंगची असावी, खाली पाणी शिंपडून धूळ बसवलेली. झाडाखाली नको.

पाणी मारावं की नाही

हा गोंधळ फार दिसतो. मागच्या कागदावर बारीक जाळीसारखी नक्षी असेल तर त्या व्हिनाइलच्या गोंदात हवा निघून जायला सूक्ष्म वाटा असतात. त्यावर पाणी मारलं की पाणी त्या वाटांत अडकतं आणि गोंद धरत नाही. ते कोरडंच लावायचं. साध्या, गुळगुळीत गोंदाच्या सपाट स्टिकरला पाणी चालतं: एक लिटर पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब, त्याहून जास्त नाही. फेस दिसला तर ते पाणी ओतून द्या. साबण जास्त झाला की गोंदाची ताकद जाते. आणि पाणी मारून लावलेल्या स्टिकरची कड शेवटी कोरड्या कापडाने दाबून, सुकवून बंद करावी लागते. बहुतेक जण हेच विसरतात.

सगळा कागद एकदम काढणं

चार-पाच फुटांच्या तुकड्याचा कागद एकदम काढला की तुकडा वाऱ्याने स्वतःवरच दुमडतो. कॅलेंडर्ड असेल तर तिथेच संपलं. स्टिकर जागेवर ठेवा, बरोबर मध्यावर मास्किंग टेपचा उभा पट्टा मारा. एका बाजूचा अर्धा भाग उचला, मागचा कागद मध्यापर्यंत सोलून कापून टाका आणि मध्याकडून बाहेर दाबत जा. मग टेप काढून दुसरी बाजू. कागद काढताना स्टिकर ओढायचं नाही, कागद मागे दुमडून ओढायचा. दुसरा माणूस हवाच, तोही फोन खिशात ठेवणारा.

स्क्वीजीला, म्हणजे स्टिकर दाबून बसवायच्या चपट्या पट्टीला, फेल्टची (मऊ, जाड लोकरी कापडाची) कड असू द्या. नसेल तर जुन्या मऊ टी-शर्टचं कापड गुंडाळा. ४५ अंशांचा कोन, प्रत्येक हात आधीच्या हातावर अर्धा येईल असा, आणि जोर लावून. हा गोंद दाबानेच धरतो. हलक्या हाताने फिरवलेली स्क्वीजी हवा काढते, पण चिकटवत नाही.

सुट्या अक्षरांचं स्टिकर असेल तर वर ट्रान्सफर टेप येतो, सगळी अक्षरं एकत्र उचलून गाडीवर नेणारा. मराठी मजकुरात इथे एक खास दगा होतो: अनुस्वाराचे टिंब, रफाराचं टोक, वेलांटीची बारीक शेपटी मागच्या कागदावरच राहून जाते. कागद सोलताना डोळा त्यांच्यावर ठेवा. टिंब मागे राहताना दिसलं की कागद परत बसवा, तिथे नखाने घासा, पुन्हा हळू सोला. राजमुद्रेसारखं बारीक अक्षरांचं काम कटिंगमध्ये न करता प्रिंटमध्येच करून घ्या. त्या अक्षरांच्या कडा इतक्या अरुंद असतात की धुताना फडकंच ती ओढून काढतं.

बुडबुडे आणि सुरकुत्या

बुडबुडा ब्लेडने कापू नका, चीर पुढे फाटत जाते. सुईने बुडबुड्याच्या एका कडेला टोचा आणि समोरच्या कडेकडून भोकाकडे दाबत या. मोहरीएवढे बुडबुडे सोडून द्या, काही दिवसांच्या उन्हात ते बहुधा बसतात. मध्ये टोकदार उंचवटा दिसला तर तो बुडबुडा नाही, खाली खडा आहे. तो कडेजवळ असेल तर लगेच उचलून काढा. मध्यभागी असेल तर राहू द्या.

सुरकुती मात्र कधीच दाबून बसवायची नाही. तिच्या पलीकडेपर्यंत व्हिनाइल परत उचला, किंचित गरम करा, ते स्वतः सपाट होतं, मग पुन्हा ठेवा.

गरम करण्याचा गैरवापर होतो तो घडीत आणि खोलगट भागात. व्हिनाइल तापवून ओढून बसवलं की त्या दिवशी छान दिसतं, आणि दोन आठवड्यांनी घडीवरून तंबूसारखं उभं राहतं. ओढायचं नाही. वरून सैल सोडून, गरम करून, हातमोज्याच्या बोटाने आत दाबायचं. मग कास्ट व्हिनाइल असेल तर त्या जागा हीट गनने (खूप गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने) पुन्हा ९० अंशांच्या वर तापवून घ्यायच्या, म्हणजे ते नव्या आकारात स्थिरावतं. हेअर ड्रायर तिथवर पोचत नाही. काचेवर हीट गन धरू नका, एकाच जागी तापली की काच तडकते.

गाडीवर ब्लेड चालवणं

गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनचा असतो. ब्लेडचा हात किंचित जड पडला की तो चिरला जातो, आणि ती चीर स्टिकर काढेपर्यंत दिसत नाही. पत्र्यापर्यंत गेली तर गंज तिथूनच सुरू होतो. कापायचंच असेल तर दरवाजाच्या फटीच्या मधोमध, नवं ब्लेड लावून, हवेत कापा. चार-पाच मिलिमीटर शिल्लक ठेवून ते आतल्या कडेवर वळवा आणि अंगठ्याने घट्ट दाबा. फट तशीच झाकून सोडली तर दरवाजा पहिल्यांदा उघडतानाच स्टिकर फाटतं.

दोन तुकडे जोडायचे असतील तर कौलं शाकारतात तसं: वरचा तुकडा खालच्यावर यावा, पुढचा मागच्यावर. म्हणजे काम मागून पुढे आणि खालून वर. उलटं केलं तर वारा आणि पाणी दोन्ही थेट जोडात शिरतात.

लावून झाल्यावरची घाई

गोंदाला पूर्ण पकड घ्यायला एक-दोन दिवस लागतात. तेवढे दिवस गाडी सावलीत ठेवा, दोन-तीन दिवस धुऊ नका. नंतर वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप कडेवर तिरका मारू देऊ नका. सरळ आणि किमान फूटभर लांबून. पहिल्या आठवड्यात रोज एकदा सगळ्या कडांवरून बोट फिरवा. उचललेली कड त्याच दिवशी दाबली तर बसते, आठवड्याने बसत नाही.

कायद्याची बाजू

संपूर्ण गाडीचा रंग बदलेल असं व्हिनाइल लावायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्या, कारण रंग आरसीवर नोंदलेला असतो. नंबर प्लेटवर काहीही चिकटवू नका. मागच्या काचेवर मोठं चित्र लावायची हौस फार दिसते, पण पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असा नियम आहे. काळ्या फिल्मवर तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच चाप लावला. चित्रासाठी बॉनेट आहे, दरवाजे आहेत, काच मोकळी ठेवा.

फार दिवस ठेवणं

स्टिकर अखंड आहे तोवर काढा. कडक होऊन तडे गेले की ते नखाएवढ्या तुकड्यांत निघतं आणि दिवस जातो. महाराजांची किंवा देवाची प्रतिमा असेल तर ही काळजी आणखी घ्यायला हवी. अर्ध्या चेहऱ्याचे पोपडे निघालेली प्रतिमा घेऊन गाडी रस्त्यावर फिरते, तेव्हा बघणाऱ्याला वाईट वाटतंच. रंग उतरायला लागला की काढून टाका, आणि लावतानाही चिखल उडेल इतक्या खाली लावू नका.

काढताना ड्रायरने हाताला सोसेल इतपत गरम करा, कोपरा उचला आणि मागे दुमडून, पत्र्याला लागून, हळू ओढा. सरळ बाहेर ओढलं तर गोंद मागे राहतो, आणि डेंटिंग-पेंटिंग केलेल्या पॅनलवर रंगाचा पापुद्राही सोबत येऊ शकतो. राहिलेला गोंद रॉकेल लावलेल्या मऊ कापडाने पाच मिनिटं भिजवून पुसा, मग शाम्पूने धुवा. त्याच जागी नवं स्टिकर लावायचं असेल तर पुन्हा आयसोप्रोपिलपासून सुरुवात.