तांत्रिक परिषदेसाठी स्लाइड्स कशात करायच्या?

सॉफ्टवेअर ठरवण्याआधी मी आपल्या भाषणातली सगळ्यात अवघड स्लाइड कागदावर काढून बघते. शीर्षक, मुद्दे, फोटो कशातही होतात. घोडं अडतं ते त्या एका स्लाइडपाशी, म्हणून निवड तिच्यावरूनच करावी.

ती समीकरणांची असेल तर सरळ बीमर घ्या, म्हणजे लेटेक या मजकुरातून पानं मांडणाऱ्या प्रणालीचं स्लाइड्स करायचं पॅकेज. पेपर लेटेकमध्ये असेल तर समीकरणं जशीच्या तशी उचलता येतात आणि हाती पीडीएफ येते. बीमरची चौकट मुळात ४:३ असते, ती पहिल्याच दिवशी १६:९ करा. शेवटी बदललीत तर सगळी मांडणी विस्कटते.

माझ्या भाषणांत कोड जास्त, त्यामुळे माझी पसंती रिव्हील.जेएसला, म्हणजे ब्राउझरमध्ये वेबपानासारख्या (एचटीएमएलमध्ये) चालणाऱ्या स्लाइड्सना. कोडच्या 'डेटा-लाइन-नंबर्स' या गुणधर्मात '३-५|८|११' लिहायचं. मग बटण दाबाल तशी आधी ३ ते ५, नंतर ८वी, नंतर ११वी ओळ ठळक राहते आणि बाकीचा कोड फिका पडतो. मागच्या रांगेतल्या माणसालाही आपण कुठल्या ओळीवर बोलतोय ते शोधावं लागत नाही. शिवाय हा कोड म्हणजे साधा मजकूर, ऐनवेळी दुरुस्त होतो, गिटमध्ये (फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) बदल दिसतात. एडिटरचा स्क्रीनशॉट मात्र कृपा करून चिकटवू नका. काळ्यावरच्या करड्या कॉमेंट्स प्रोजेक्टरवर वाचताच येत नाहीत. 'एस' दाबलं की नोट्स, पुढची स्लाइड आणि घड्याळ वेगळ्या खिडकीत येतं. लागणाऱ्या सगळ्या फाइली लॅपटॉपवरच ठेवा, सभागृहाच्या वायफायवर विसंबू नका.

चौकोन आणि बाण हलवून एखादी रचना समजवायची असेल तर पॉवरपॉइंटचं मॉर्फ किंवा अ‍ॅपलच्या कीनोटचं मॅजिक मूव्ह वापरा. स्लाइडची प्रत काढा, चौकोन नव्या जागी सरकवा, मधली हालचाल सॉफ्टवेअर करतं. हेच बीमरमध्ये करायला अख्खी संध्याकाळ जाते. चारजण मिळून स्लाइड्स करत असाल तर गूगल स्लाइड्स.

हे सगळं ठरवण्याआधी आयोजकांना एक विचारा: लॅपटॉप माझा की तुमचा? त्यांचा असेल तर कीनोट बादच समजा, विंडोजवर ते बसवता येत नाही. पॉवरपॉइंटमध्येही तुमचा फॉन्ट तिथे नसला तर दुसराच लागतो आणि ओळी घसरतात. अशा वेळी पीडीएफच न्या. रिव्हीलची पीडीएफ करायला पत्त्याच्या शेवटी (त्यात '#' असेल तर त्याच्या आधी) '?प्रिंट-पीडीएफ' जोडा (टाइप अर्थात रोमन लिपीत), क्रोममधून छापा, आणि प्रत्येक पान स्वतः उघडून बघा.