रोगसंशोधनाच्या लॅबमध्ये प्राणी सांभाळताय? या चुका टाळा

अ‍ॅनिमल टेक्निशियनचं काम नवीन लागलं की पहिले काही आठवडे माणूस फार जपून वागतो, प्रत्येक एसओपी (कामाच्या ठरलेल्या पद्धतीचा कागद) वाचतो, ग्लोव्ह्ज दोनदा तपासतो. धोका खरा सुरू होतो तो हात बसल्यावर. शंभर केज (पिंजरे) बदलून झाले की पुढचा केज नजर न टाकताच बदलला जातो आणि नेमका त्यातलाच उंदीर कालपासून खात नसतो. सायंटिस्ट आठवड्यातून कधीतरी येतात, व्हेट बोलावल्यावर येतात, रोज त्या रूममध्ये फक्त तुम्हीच असता, त्यामुळे तुमच्या नजरेतून सुटलं ते सगळ्यांच्याच नजरेतून सुटलं असं समजा.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे "चेक केलं" म्हणून नुसती टिक मारणं. उंदीर आजार लपवतो, तो शिकार होणारा प्राणी आहे, अशक्त दिसला तर मेला हे त्याच्या अंगातच असतं. त्यात दिवसा त्याची झोपायची वेळ, म्हणजे कोपऱ्यात गप्प पडलेला उंदीर झोपलाय की आजारी आहे हे लांबून कळतच नाही. केज थोडा ओढून नीट बघा: पाठीला कुबड आलंय का, केस विस्कटून उभे राहिलेत का, डोळे बारीक केलेत का, कान मागे गेलेत का, बाकीचे एकत्र आणि हा एकटाच बाजूला का. उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची ग्रिमेस स्केल नावाची पद्धत २०१० मध्ये आली, तिचे फोटो रूमच्या भिंतीवर लावून ठेवा, रोज बघून बघून नजर तयार होते. अजून एक सोपी गोष्ट, नेस्टिंगचा (घरटं करायच्या मऊ कागद-कापसाचा) नवीन तुकडा टाका आणि थोड्या वेळाने परत येऊन बघा. बरा असलेला उंदीर तो लगेच ओढून घरट्यात घेतो, आजारी असेल तर तुकडा टाकला तिथेच पडलेला असतो.

इन्फेक्शन दिलेल्या प्राण्यांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं आहे. प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे प्रयोगाच्या मंजूर आराखड्यात, ह्युमेन एंडपॉइंट (प्राण्याचा त्रास कुठे थांबवायचा ती मर्यादा) लिहिलेला असतो, बऱ्याच ठिकाणी वजन २० टक्के घटलं की प्राण्याला पुढे त्रास होऊ द्यायचा नाही असं ठरलेलं असतं. वजनाच्या तक्त्यात अंदाजे आकडा भरला किंवा "उद्या बघू" म्हटलं तर तो प्राणी रात्रभर तडफडून मरतो आणि सकाळी सडायला लागलेल्या शरीरातून सायंटिस्टला धड सॅम्पलही मिळत नाही. शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशीही चेक रोजच्यासारखाच व्हायला हवा, रोग सुट्टी घेत नाही.

मग पाणी. हे इतकं साधं वाटतं की कुणी ट्रेनिंगमध्ये नीट सांगतही नाही. बाटली भरलेली दिसते म्हणून पुढे जायचं नाही, कालपासून पातळी तिळभर हलली नसेल तर नळीत हवा अडकलीय किंवा नळीच्या तोंडातली धातूची गोळी जाम झालीय, बाटली बाहेर काढून उलटी करून थेंब येतोय का ते बघा. उलटंही होतं, नळी बेडिंगला (केजच्या तळाशी पसरलेल्या भुशाला) टेकली की बेडिंग पाणी शोषत राहतं आणि रात्रीत सगळा केज भिजतो, ओले उंदीर गारठून मरतात. उंदराला खरं तर ३० डिग्रीच्या आसपास बरं वाटतं आणि आपण त्याला २० ते २६ मध्ये ठेवतो, ती आपली सोय आहे, म्हणून नेस्टिंग भरपूर द्यायलाच हवं, त्यात कंजूसपणा नको. आणि व्हेंटिलेटेड रॅकमध्ये, म्हणजे प्रत्येक केजला वेगळी हवा पुरवणाऱ्या मांडणीत, केज परत ठेवताना तो शेवटपर्यंत बसलाय का ते हाताने दाबून बघा, अर्धवट बसला तर आत हवा जात नाही आणि रोगाचा केज असेल तर आतली हवा बाहेर येते.

रूमचा क्रम चुकवू नका. आधी इम्युनिटी नसलेले, म्हणजे न्यूड, स्किड वगैरे उंदीर, मग साधी कॉलनी, मग क्वारंटाइन, आणि इन्फेक्शनवाले एकदम शेवटी. आणि उलटं यायचं नाही. "फक्त पेन राहिलं होतं म्हणून परत गेलो" अशा एका फेरीत नोरोव्हायरस किंवा पिनवर्म (आतड्यातला बारीक जंत) स्वच्छ कॉलनीत जाऊ शकतो, आणि तो बाहेर काढायला महिने लागतात, कधी कधी तर अख्खी कॉलनी मारून नव्याने उभी करावी लागते. इतके जीव एका पेनापायी.

आता तुमच्या स्वतःच्या अंगावरचं. पीपीई घालताना सगळे नीट घालतात, चूक होते ती काढताना, कारण दमलेलो असतो, घाम आलेला असतो, जेवायची वेळ झालेली असते. बाहेरचे ग्लोव्ह्ज आधी, मग गाऊन आतलं बाहेर उलटत, एन९५ शेवटी, आणि तो पुढून धरायचा नाही, मागच्या पट्टीने काढायचा. तुमच्या लॅबचा क्रम थोडा वेगळा असेल तर तोच पाळा. दाढी असेल तर एन९५ चेहऱ्याला चिकटत नाही, हवा कडेने आत येते, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. साधा सर्जिकल मास्क तर अ‍ॅलर्जीपासूनही वाचवत नाही. उंदराच्या लघवीतलं प्रोटीन बेडिंगच्या धुळीबरोबर उडतं, आधी शिंका, डोळ्यांना खाज, आणि दुर्लक्ष केलं तर पुढे दमा. बरेच जण याला "सर्दी" म्हणत वर्षभर काढतात. सुट्टीवर असताना सर्दी जाते आणि कामावर आलं की परत येते असं होत असेल तर ती सर्दी नाही, लगेच सांगा. बेडिंग उघड्यावर झटकून ओतायचं नाही, ते डम्प स्टेशनवर (धूळ ओढून घेणाऱ्या ओतायच्या जागेवर) किंवा सेफ्टी कॅबिनेटमध्येच.

उलट्या दिशेचा धोकाही असतो. फेरेटना (मुंगसासारखे दिसणारे छोटे प्राणी) माणसाचा फ्लू होतो, माकडांना माणसाचा टीबी होतो. ताप-खोकला असताना "रजा वाया नको" म्हणून आत जाणं हा त्या प्राण्यांवर अन्याय आहे आणि प्रयोगही वाया जातो.

डिसइन्फेक्टंट मारलं आणि लगेच पुसलं ही चूक मी जवळजवळ प्रत्येक नवीन माणसात बघितलीय. बाटलीवर कॉन्टॅक्ट टाइम लिहिलेला असतो, तेवढा वेळ जागा ओली राहिली पाहिजे. ७० टक्के अल्कोहोल भर्रकन उडून जातं, आणि नोरोव्हायरस, पार्व्होव्हायरस, स्पोअर (जिवाणूंची टणक, सहज न मरणारी अवस्था) यांचं त्याने फारसं काही बिघडत नाही. ब्लीच रोज ताजं बनवा आणि आधी घाण काढा मग ब्लीच टाका, घाणीवर टाकलं तर ते तिथेच संपून जातं. लघवीने भिजलेल्या बेडिंगवर तर अजिबात ओतू नका, त्यातल्या अमोनियाबरोबर विषारी क्लोरामाइन वायू तयार होतो.

ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) टेपवर काळे पट्टे आले म्हणजे सगळं निर्जंतुक झालं असंही नसतं. पट्टे एवढंच सांगतात की टेप गरम झाली. घट्ट गाठ मारलेल्या ठासून भरलेल्या बॅगेच्या मधोमध वाफ पोचतच नाही, बाहेर १२१ डिग्री असलं तरी आत हवा अडकून राहते, आणि बेडिंग तर उष्णता अडवतंच. बॅग दोन तृतीयांश भरा, तोंड सैल ठेवा, आणि ठरलेल्या दिवशी स्पोअरची बायोलॉजिकल टेस्ट (स्पोअर मेले का ते बघणारी) लोडच्या मधोमध ठेवून करा, कडेला ठेवून नाही.

सुईला टोपण परत लावायचं नाही, कधीच नाही, वापरली की थेट शार्प्स बॉक्समध्ये. चावलं, ओरखडलं, डोळ्यात उडालं तर काम तिथेच सोडा आणि १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून, कारण अंदाजाने दोन मिनिटंच होतात. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रायमेट सेंटरमध्ये २२ वर्षांच्या एका मुलीच्या डोळ्यात मकाक माकडाकडून काहीतरी उडालं, काम कमी धोक्याचं समजलं जायचं म्हणून गॉगल नव्हता, आणि साधारण सहा आठवड्यांत बी व्हायरसने (मकाक माकडांमध्ये असणाऱ्या, माणसाला जीवघेण्या विषाणूने) तिचा जीव गेला. मकाककडे नुसतं केज हलवायला जातानासुद्धा डोळे झाकलेले हवेत.

बाकी थोडक्यात: रात्रीच्या अंधाराच्या वेळेत मोबाइलचा टॉर्च लावू नका, त्यांचं दिवस-रात्रीचं चक्र बिघडतं. किल्ल्यांचा खुळखुळाट आपल्याला किरकोळ वाटतो पण त्यात आपल्याला न ऐकू येणारा वरचा आवाज असतो आणि उंदराला तो ऐकू येतो. शेपटीला धरून उचलण्यापेक्षा नळीत घेऊन किंवा ओंजळीत उचला, ते कमी घाबरतात हे अभ्यासातून दिसलंय. गिनीपिगच्या खाद्यावरची तारीख बघा, त्याच्या शरीरात व्हिटॅमिन सी बनत नाही, जुन्या खाद्यातलं उडून गेलेलं असतं.

आणि चूक झालीच तर? जमिनीवर सापडलेला उंदीर "याच केजमधला असेल" म्हणून आत टाकू नका, वेगळ्या केजमध्ये ठेवा, तारीख-वेळ-रूम लिहा आणि फोन करा. केज कार्डांची (केजवर लावलेल्या माहितीच्या कार्डांची) अदलाबदल झाली असं वाटलं तर दोन्ही केज बाजूला, कुणाला काही सांगायच्या आधी स्वतःच जुळवत बसू नका. लपवलेली अदलाबदल आकड्यांमध्ये कायमची शिरते, पुढे तो अभ्यास कुणाच्या तरी औषधाचा आधार होतो, आणि ज्या प्राण्यांनी त्यासाठी जीव दिला त्यांचा जीव फुकट जातो. सुपरवायझर ओरडतील, ओरडू देत. सांगणाऱ्या माणसाला शिक्षा करणारी लॅब असेल तर तिथल्या सेफ्टी ऑफिसरकडे किंवा प्राणी एथिक्स कमिटीकडे थेट जाता येतं.

शेवटी एक काम आजच करा. तुम्ही कोणत्या जंतूबरोबर काम करता, त्याची लक्षणं काय आणि लॅबचा इमर्जन्सी नंबर काय हे एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवा आणि घरच्यांनाही दाखवून ठेवा. मध्यरात्री ताप भरला तर बाहेरचा डॉक्टर साधा व्हायरल समजून गोळी देईल, त्याला तुमचं काम माहीत नसतं, आणि तेव्हा तुम्ही नीट सांगायच्या अवस्थेत असालच असं नाही.