मनौसच्या धक्क्यावर उतरणाऱ्या मासळीची नोंद कशी ठेवावी

रिओ नेग्रो आणि सोलिमोइस यांच्या संगमाजवळ वसलेल्या ब्राझीलमधील मनौस शहरात मासळीचे मचवे बहुधा उजाडण्यापूर्वीच धक्क्याला लागतात. म्हणून नोंद ठेवणाऱ्याने अंधार असतानाच तेथे हजर राहावे. माल एकदा व्यापाऱ्यांत वाटला गेला की कोणत्या मचव्यातून कोणता मासा आला, हे कोणालाही सांगता येत नाही.

केवळ वजन लिहून कधीही थांबू नये. दहा जणांनी पंधरा दिवस राबून आणलेली तीन टन मासळी म्हणजे माणशी दिवसाला 20 किलो, तर पाच जणांनी चार दिवसांत आणलेली तेवढीच मासळी म्हणजे 150 किलो. हा फरक दिसलाच नाही, तर नदीत मासे उरले आहेत की संपत चालले आहेत, हे कळणार कसे? यासाठी किती माणसे होती, कोणती जाळी लावली, कोणत्या तळ्यात वा पात्रात मासेमारी झाली, हे तांडेलाला विचारावे. प्रवासाचे दिवस मासेमारीच्या दिवसांपासून वेगळे लिहावेत.

वजन बर्फ झटकून घ्यावे आणि मासा आतडी काढलेला असल्यास तसे नमूद करावे. बाजारी नावावर विसंबू नये. जराकी या एकाच नावाने दोन जाती विकल्या जातात, एक जाड खवल्यांची आणि एक बारीक खवल्यांची. ढिगातून मूठभर मासे उचलून अंगावरून बोट फिरवले की सरावलेल्या माणसाला फरक जाणवतो. मोठ्या ढिगातून नमुन्यादाखल एक पाटी मोजून तेच प्रमाण सगळ्या मालाला लावले तरी चालते, मात्र पाटी वरवरची नसावी.

तांबाकीकडे विशेष लक्ष द्यावे. नदीतील तांबाकी 55 सेंटिमीटरपेक्षा लहान पकडण्यास मनाई आहे आणि 1 ऑक्टोबर ते 31 मार्च या काळात त्याची मासेमारी बंद असते. परंतु तळ्यांत पाळलेला तांबाकी ट्रकने त्याच बाजारात येतो. दोन्ही एका रकान्यात लिहिले, तर नदीची घट पाळीव माशांमागे झाकली जाते.

शेवटी त्या दिवशीची नदीची पातळी लिहावी. येथे पाणी वर्षात सुमारे 10 मीटर चढते-उतरते. जूनच्या सुमारास ते सर्वांत वर असते, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तळाला जाते. पाणी आटले की मासे थोड्या जागेत दाटतात आणि जाळी भरून येतात, म्हणून ऑक्टोबरची आवक जूनच्या आवकेशी न ताडता मागील वर्षांतील त्याच पातळीच्या आवकेशी ताडावी.